कावळ्याचा घास आणि आंटीची चादर

आमचे हे गेल्यावरसुद्धा वेळेवर जेवायला आले नाहीत.

जिवंतपणी पहिल्या हाकेला कधी पानावर बसले नाहीत, आणि बसले की पहिल्याच घासाला म्हणायचे, "मीठ कमी आहे." मी म्हणायचे, "तुमची जीभच खारट!" (मनातल्या मनात. मोठ्याने बोलायची माझी छाती नव्हती.)

मी परदेशात, बुकित पंजांगला, मुलाकडे, म्हणजे प्रशांतकडे राहायला आले, त्याच वर्षी ही गंमत झाली. आमच्या खालच्या मजल्यावर एक चिनी आंटी राहायच्या. त्यांच्या पितरांचा महिना आपल्या पितृपक्षाच्या थोडा आधी येतो. त्यांनी खाली गवतावर, गेलेल्या नवऱ्याला पोचावेत म्हणून, कागदाचे शर्ट जाळले, आणि राख उडून माझ्या खिडकीतल्या कुरडयांवर! मी प्रशांतला म्हटलं, "आपल्या कुरडया स्वच्छ राहाव्यात, एवढा तरी हक्क आहे की नाही आपल्याला?" तो बिचारा सांगून आला. दुसऱ्या दिवसापासून आंटी मुकाट्याने इमारतीच्या पार पलीकडे जाऊन जाळू लागल्या. मला भारी वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच हक्क मागितला आणि मिळाला!

मग पितृपक्षात ह्यांची तिथी आली. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, सगळं केलं आणि कावळ्याचं पान ठेवायला खिडकी उघडली.

"आई, इथे पक्ष्यांना खायला घालत नाहीत. दंड होतो," प्रशांत बूट घालता घालता म्हणाला.

"मी पक्ष्यांना कुठे घालतेय? तुझ्या बाबांना घालतेय!"

"आजी, कॅनॉट ला!" नात सई इथल्या इंग्रजीत म्हणाली. "टीचर म्हणते, राइट पाहिजे तर रिस्पॉन्सिबिलिटी पण घ्यायची."

"खिडकी आपली, भात आपला, नवरा माझा. यात टीचरचं काय?"

प्रशांत ऑफिसला गेला, आणि मी पान ठेवलं.

कावळा आला. खिडकीबाहेर कपडे वाळवायला लावलेल्या बांबूच्या टोकावर बसला. पानाकडे बघेना! मी हात जोडले. "प्रशांतला सांभाळीन." नाही. "सईला मराठी शिकवीन." नाही. (हे मलाही अवघडच वाटत होतं.) तेवढ्यात दोन साळुंक्या पानावर तुटून पडल्या, त्यांची जुंपली आणि पान उलटलं! खिडकीत एक वडा तेवढा राहिला. बाकी खीर, कढी, भोपळा थेट खाली, आंटींच्या बांबूवर वाळत असलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर!

बेल वाजली. मी स्वयंपाकघराच्या दारामागे. आता दंड होणार, प्रशांतचा इथल्या नोकरीचा पास जाणार, आणि आम्ही सगळे कुरडयांसकट परत!

दार सईने उघडलं. आंटी चादर घेऊन उभ्या.

"हू थ्रो?"

"आजोबांचं लंच, आंटी. ही इज डेड."

आंटींनी चादरीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "माय हझबंड ऑल्सो," त्या म्हणाल्या. "एव्हरी टाइम ईट, एव्हरी टाइम ड्रॉप!" आणि हसायला लागल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे झाले, चादर ओढून घेतली आणि साबण लावून खसाखसा घासली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे जन्मभर धुणी धुतलेली बाई त्या दिवशी विसरली! चादर लालभडक.

"रेड?" आंटी म्हणाल्या. "रेड गुड, लकी!"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि ताट वाढलं. काहीतरी भरून द्यायलाच हवं होतं. त्यांनी कढीत वडा बुडवून खाल्ला, डोळे मिटले आणि हळूच सईला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात ग?"

"आजी, आंटी म्हणते नाइस आहे. पण मीठ कमी आहे."

मी बांबूकडे पाहिलं. कावळा मान वाकडी करून माझ्याकडेच बघत होता.

"मान्य!" मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्यावर ओरडले. "कमी होतं! कायमच कमी होतं!"

कावळ्याने वडा उचलला आणि उडून गेला.