अक्कांच्या मेंदूतली कणिक

माझ्या सासूबाईंच्या मेंदूतली कणिक बिघडली होती.

हे मी नाही म्हणत. त्यांनी स्वतः अख्ख्या धरणगावला सांगितलं होतं.

आज अक्कांना जाऊन आणखी एक वर्ष झालं. दरवर्षी ठरवते, निदान आजच्या दिवशी तरी गंभीर राहायचं. जमत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी धुळ्याची, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून धरणगावात सून म्हणून आलेली. मला धड भाकरी थापता येत नव्हती आणि अक्कांचे मांडे म्हणजे गावात फेमस.

सैल, मऊ कणकेत पुरण भरायचं. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढं पसरवायचं आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचं. अक्का हे सगळं गप्पा मारता मारता करायच्या.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडा त्यांच्या हातावरच फाटला. मग दुसराही.

"पीठच खराब शे," अक्का म्हणाल्या. गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

पण त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवला तरी थरथरत होता.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. पार्किन्सन्स.

घरी आल्यावर अक्कांनी मला समोर बसवलं. "तू एवढी शिकेल शे. सांग, माले काय व्हयनं?"

मी सांगितलं. मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या पेशी असतात, त्या हळूहळू मरतात. गोळ्यांनी हात जरा थांबेल, पण पेशींचं मरणं थांबणार नाही. प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे बारीक कण असतात. या आजारात तेच दुबळे पडतात, असं आता दिसायला लागलंय. त्यांना सांभाळलं तर पेशीही वाचतील कदाचित.

"त्या कणले काय म्हनतस?"

मायटोकॉन्ड्रिया म्हटलं तर जड जाईल म्हणून मी शाळेच्या पुस्तकातला शब्द सांगितला.

"तंतुकणिका."

अक्कांचा चेहरा एकदम उजळला.

"मंग आसं सांग ना! कणिकनी तार गयी!"

"कणिक नाही हो अक्का, कणिका..."

ऐकतंय कोण? कणकेला तार नसली की मांडा फाटतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. संध्याकाळपर्यंत बठ्ठ्या गल्लीत बातमी. शेजारच्या शकिलाचाचींनी दोंडाईच्याच्या भावाकडून खास गहू मागवला. समोरच्या मावशी म्हणाल्या, मोहन जास्त घालत जा.

माझे सासरे, आबा, एवढंच म्हणाले, "तुना मेंदूमा काहीतरी शे, हाई तरी समजनं."

अक्कांनी लाटणं उचललं. हात थरथरत होता म्हणून आबा वाचले.

आखाजीला लेकी माहेरी जातात, पण पुढच्या आखाजीला मी गेले नाही. अक्का पाटावर बसून हुकूम सोडत होत्या आणि माझं पुरण चुलीत पडत होतं.

"अक्का, जरा दम धरा ना!"

"हात कापस मन्हा. तोंड नही कापत."

त्याच वर्षी पुण्याच्या एका लॅबमध्ये मला रिसर्चसाठी जागा मिळाली. विषय हाच. ते कण सांभाळून मेंदूच्या पेशी वाचवता येतात का, हे शोधायचं. मला ते काम हवं होतं. अगदी जीव टाकून हवं होतं.

पण तोवर अक्कांना स्वतःची वेणी घालता येईना. ब्लाउजचे हूक लावता येईनात. मी मनात ठरवून टाकलं, नाही जायचं.

नवऱ्याच्या पोटात तीळ भिजत नाही. त्याने आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात त्यांची वेणी घालत होते.

"पुण्याले का बरं नही जात?"

"तुमचं कोण बघेल?"

"आबा शेतस ना."

"त्यांना वेणी घालता येते का?"

"शिकतीन. रिटायर व्हई गयात, दुसरं काय काम शे?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"खरं सांग पोरी. तू जाशी, शिकशी. तुनं औषध माले भेटी का?"

माझा हात थांबला. हो म्हणणं फार सोपं होतं. पण या बाईने मला पहिल्या दिवसापासून मुलीसारखं वागवलं होतं. तिला फसवायला जीभ वळेना.

"नाही अक्का. तुमच्या वेळेला नाही व्हायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्का म्हणाल्या, "मंग बरं शे."

"बरं काय त्यात?"

"मन्हासाठे नही ना? मंग घाई करू नको. नीट कर."

मी पुण्याला गेले.

आबा वेणी घालायला शिकले. नेहमी तिरकी घालायचे. अक्का तीच मिरवत बाजारात जायच्या आणि विचारलं नसलं तरी सांगायच्या, "यासनी घाली."

आता मीही रिटायर झाले. जगभर लोक या कणांच्या मागे लागलेत. कितीतरी औषधं काचेच्या बशीत पास झाली आणि माणसात नापास. पेशींचं मरण थांबवणारं खात्रीचं औषध अजून कुणाच्याच हाती नाही.

आमच्या लॅबमध्ये एकदा रिझल्ट इतका सुंदर आला की पोरं पेढे आणायला निघाली. मी म्हटलं, पुन्हा करून बघू.

पुन्हा केलं. नाही आला.

पोरं रडवेली झाली. मीही घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू? पण आपल्या नावाने कुठल्याही अंगणात खोटी आशा गेली नाही, एवढं समाधान होतं.

अक्का, औषध अजून झालेलं नाही.

पण तुमच्या सुनेने घाई केली नाही.

भावपूर्ण वगैरे तुम्हाला मानवायचं नाही. म्हणून हसत हसत श्रद्धांजली.