पुढची टायरं मागे

मंडळी, गाडीबद्दल एक प्रश्न आहे, पण आधी आज दुपारचं सांगतो.

माझ्या वडिलांना, आप्पांना, वर्षभर शिरूरहून दौंडला डायलिसिससाठी नेतोय, आठवड्यातून दोनदा. आज डॉक्टर म्हणाले, शरीर आता हे सोसत नाही, यापुढे आणू नका. आप्पा समोरच बसले होते. मी "बरं" म्हणालो आणि गाडी काढली.

शिरूरमध्ये आल्यावर सवयीनं हवा भरायला थांबलो. टायरवाला ओळखीचा. त्यानं वाकून चाकं पाहिली.

"आप्पा, लई गाडी फिरवताय. पुढची दोन्ही टायरं पार घासली."

"मी कुठं फिरवतोय? ह्यो फिरवतोय मला."

टायरवाला हसला. मला म्हणाला, "पुढची मागं टाकतो, मागची पुढं. मंग चारी सारखी झिजतील. महिन्याचं रनिंग किती हाय?"

मी हिशेब करायला लागलो. दौंडच्या खेपा वजा केल्या तर गाडी कुठं जातच नाही.

"टाक बदलून," आप्पा त्याला म्हणाले. "ह्याला वापरायचीय अजून."

त्यानं जॅक लावला. आम्ही दोघं बाकावर चहा घेत बसलो. मला तेव्हा काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाहीये.

टायरवाल्यानं दहा हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा अदलाबदल करायला सांगितलंय. गाडी बहुतेक उभीच राहणार असेल, तर ती कधी करायची? जाणकारांनी सांगावं.