पडवीतला गट

"चिठ्ठ्या कशाला टाकताय, साहेब? दोन गट बसलेलेच आहेत की!" कापडे गावच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले.

तेव्हा, इंग्रजांच्या राज्यात, मी मुंबईच्या एका ट्रेनिंग कॉलेजात मानसशास्त्राचा असिस्टंट होतो. प्रयोग साधा. फळ्यावरचे वीस शब्द मोठ्यानं वाचून जास्त लक्षात राहतात की मनात वाचून? तीच मुलं दोन्ही रीतींनी तपासली, तर दुसऱ्या खेपेला ती सरावलेली असतात. म्हणून गट दोन, आणि कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. प्रोफेसरांनी हे माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

शाळेची खोली एकच. अस्पृश्य मानलेली मुलं बाहेर पडवीत बसत. चिठ्ठ्यांनी आतबाहेरची मुलं मिसळली असती आणि गावात बोंब झाली असती. मी घाबरलो. "बरं," म्हणालो.

आधी पडवीनं मनात वाचलं, मग आतल्यांनी मोठ्यानं. आतल्यांना चौदा-पंधरा शब्द आठवले, पडवीला दोन-तीन. मी खूश! कागद हेडमास्तरांना दाखवलेसुद्धा. महाडच्या बोर्डिंगात एक फुकट जागा होती. तिच्यासाठी ते पडवीतल्या धर्माचं नाव पाठवणार होते. त्यांनी ते तिथंच खोडलं. "तुमच्या शास्त्रानं वाचवलं हो!"

मुंबईत प्रोफेसरांनी आकडे पाहिले. "गट कसे पाडलेस?"

"बसले होते तसेच, सर."

"पडवीत बसून फळा पाहिलास?"

नव्हता पाहिला. परत गेलो, पडवीत बसलो. मध्ये खांब, पुढे दाराची चौकट. फळ्याची जेमतेम एक कड दिसत होती.

धर्मा म्हणाला, "आमाला फळा दिसत नाय. आतली पोरा वरडतात, ता ऐकून शिकतो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमी मनात वाचा म्हनालात."

लाज वाटली. ज्या एकाच वाटेनं ही मुलं शिकत होती, तीच मी बंद केली होती. हेडमास्तरांकडे धावलो. "जागा भरली, साहेब," ते म्हणाले.

अंगणात धर्माचा बाप लखू हात जोडून उभा होता. "सायेब, तुमचा काय चुकला नाय. पोराला डोकाच नाय, ता कळला तरी."

धर्मा शेजारीच होता. आणि मी, शिकलासवरलेला, नुसती मान डोलावली.

प्रयोग रद्द झाला. पुढे तीस वर्षं मी गट कसे पाडावेत ते शिकवलं. आधी मुलांच्या जागेवर बसून पाहा, असं न चुकता सांगत आलो. पण त्या बापाला खरं कधीच सांगितलं नाही.