पांढऱ्या पेशींचं भाषण

सरकारी दवाखान्यात दातांची ओपीडी चालवली की किस्से दातांवरच्या किटणासारखे साचतात. खरवडून काढावेत म्हटलं, तर आमचं किटण काढायचं मशीनच बंद! हाताने वरवरचं निघतं, हिरडीखालचं तसंच राहतं. मग मी पेशंटला भाषण देतो.

भाषण ठरलेलं आहे. किटणात जंतू राहतात, त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. लढाई लांबली की या पेशींच्याच माऱ्यात दाताखालचं हाड झिजतं आणि दात हलतो. एकदा हे ऐकून धानवाले दामोदरभाऊ म्हणाले, "म्हंजे रानडुकरासाठी वावराच्या तारेत करंट सोडला अन् आपलाच बैल मेला!" कॉलेजात इतकं सोपं कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मी त्यांचाच बैल वापरतो.

मोहर्लीचा, जंगल सफारीची जिप्सी चालवणारा एक ड्रायव्हर आला. हिरड्या सुजून लाल.

"हा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोड," म्हटलं.

"सर, खर्र्यानंच त दात धरून ठेवले! सोडला का पडते."

दोघंही हसलो. तपासतानाच त्याचा एक दात माझ्या चिमट्यात आला.

शेवंताबाई अंगणवाडीत मदतनीस, वय पस्तिशीचं. खालचे पुढचे चार दात हलत होते. वेळेत साफ झाले असते तर वाचले असते. दर महिन्याला एसटीने यायच्या.

"जिल्ह्याला जा," म्हटलं की म्हणायच्या, "अंगणवाडी कोन उघडंन जी? मशीन कधी सुरू होते?"

"पुढच्या महिन्यात," मी सांगायचो. सरळ सरळ खोटं बोलायचो. माझं भाषण त्यांना पाठ झालं. बाहेरच्या बाकावर बसून इतर पेशंटना त्याच ते समजावायच्या, बैलासकट!

मशीनसाठी वर पत्रं लिहिली. उत्तरादाखल 'दिवसातून दोनदा ब्रश करा'ची पोस्टरं आली, गठ्ठाभर! भिंती संपल्या, तेव्हा सिस्टरने उरलेली मशीनवर पांघरली. "धूळ त नाई बसनार," म्हणाली. संताप व्हायचा, पण काढणार कोणावर?

शेवटी मशीन दुरुस्त झालं. शेवंताबाई दोन महिने फिरकल्या नव्हत्या. मी मुद्दाम निरोप धाडला, तशा आल्या.

"बसा, बसा! आज सगळं साफ करून टाकू!"

त्यांनी तोंडावरचा पदर काढला. खालचे चारही दात नव्हते.

"अहो बाई, थोडं थांबायचं ना!" मी ओरडलोच.

"मी त थांबली होती जी," त्या म्हणाल्या. "दात नाई थांबले."