एकच धागा जाळला

कालिंदाबाईंनी जळकी साडी माझ्या टेबलावर टाकली आणि नेसूचं वर करून पोटरी दाखवली. कातडी पार आक्रसली होती. मी मान खाली घातली.

"तुमीच म्हनलं व्हतं ना भाऊ, सुती हाय म्हनून?"

म्हटलं होतं. केज तालुक्यातल्या एका सहकारी ग्राहक भांडारात मी कापड तपासनीस होतो. त्या वर्षी दुष्काळ होता, म्हणून युसूफ वडगाव या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. कालिंदाबाई त्यांतल्याच. फडावर उघड्या चुलीपुढं स्वयंपाक, म्हणून त्यांना सुतीच हवी होती. सुती साडी पेटली तर ओढून फेकता येते. पॉलिस्टर वितळतं आणि अंगालाच चिकटतं.

लेबलावर 'शंभर टक्के सुती' छापलं होतं. आता लेबलावर विसंबायचं नाही, याचाच तर मला पगार. धागा काढायचा, जाळायचा. जळक्या कागदाचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती. आकसून काळी टणक गोळी झाली की पॉलिस्टर. त्या दिवशी टोळ्यांचे ट्रक दारात उभे, मुकादम बोंबलतोय. मी एक उभा धागा जाळला, राख बघितली, सही ठोकली.

आता बाईंसमोर आडवा धागा काढून जाळला. काळी गोळी. गिरणीवाल्यानं उभा धागा सुती घातला होता आणि आडवा पॉलिस्टरचा. त्याची लबाडी खरी, पण अनुभव मिरवणाऱ्या या गाढवानं अर्धंच कापड तपासलं होतं. मला माझीच चीड आली.

चेअरमनकडे गेलो. माल परत पाठवा, बाईंचा दवाखाना आपण करू, म्हटलं. ते म्हणाले, लेबल गिरणीचं, आपला काय संबंध? पुढच्या आठवड्यात उरलेल्या साड्यांची लेबलं कापली गेली आणि साड्या दुष्काळी मदत म्हणून वाटायला निघाल्या. मी लेखी अर्ज दिला. तो फायलीत गेला. नोकरी मात्र मी सोडली नाही, तेही सांगून टाकतो.

वाटपाच्या रांगेत कालिंदाबाई लंगडत आल्या. साडी हातात घेतली आणि मला बाजूला बोलावलं.

"आता तरी खरं सांगा. हिच्यात काय हाय?"

"तेच आहे, बाई. चुलीपाशी नेसू नका."

"मंग कुटं नेसू?" त्या म्हणाल्या आणि साडी काखेत मारून गेल्या.

तेव्हापासून मी उभा-आडवा, दोन्ही धागे जाळतो. तुम्हीही जाळा. तपासनिसाची सही असली तरी.