गोल कोपऱ्यांची खिडकी

जगात विमान कुठेही पडो, आमच्या आईच्या शेगडीशी त्याचा संबंध काय? पण वडिलांनी तो जोडला, आणि त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

परळच्या चाळीत आमची एक खोली. पुढची गॅलरी पत्रा ठोकून बंद केलेली, आणि त्या अंधारात आईचा स्वयंपाक. कोळशाच्या धुराने तिला खोकल्याची उबळ यायची, ती थांबता थांबायची नाही. तिचं मागणं एकच होतं, त्या पत्र्याला एक खिडकी. बाबा गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, त्यांना हे तासाभराचं काम.

नेमकं तेव्हाच त्यांनी पेपरात कॉमेटबद्दल वाचलं. जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान, आणि ते हवेतच फुटलं, तेही एकदा नाही. मग तज्ज्ञांनी तसंच एक विमान पाण्याच्या टाकीत घातलं, आतून दाब दिला, काढला, पुन्हा दिला, तेव्हा कुठे उलगडा झाला. चीर सुरू व्हायची ती खिडकीच्या कोपऱ्यापासून.

"अगं, पत्र्याला टोकदार कोपरा दिला की सगळा ताण तिथेच येऊन बसतो," बाबा आईला समजावत होते. "आता बघ, जगातल्या सगळ्या विमानांना गोल कोपऱ्यांच्या खिडक्या येणार."

"अहो, मला धूर बाहेर घालवायचाय," आई म्हणाली. "मला उडायचं नाहीये."

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. संचारबंदी लागली की बाबा घरी, आणि बाबा घरी म्हणजे खिडकीचे कोपरे गोल घासायला कानस सुरू. सगळी चाळ श्वास रोखून रस्त्यावरच्या पोलिसांची चाहूल घेतेय आणि आमच्या गॅलरीतून आपलं खर्र खर्र! शेजारच्या मालवणी काकी दारात येऊन आईला म्हणाल्या, "काय गो, तुजो घोव खिडकी करता काय इमान?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन महिन्यांनी खिडकी झाली. देखणी झाली, हे कबूल करते. पण झडप? सुतार बिजागरी लावायला आला तर बाबांनी त्याचा हातच धरला. "कडेला भोक पाडायचं नाही! चीर तिथूनच जाते." सुतार हात जोडून निघून गेला. शेवटी आईने वर दोरी बांधून गोणपाट लटकवलं. पावसात ते खाली सोडावं लागे, की धूर पुन्हा आत आणि खोकला पुन्हा सुरू. अशी किती वर्षं गेली! मी भांडले की बाबांचं ठरलेलं उत्तर, "पत्रा फाटला का कुठे?" फाटला नव्हता ना, हेच तर दुखणं.

बाबा गेल्यावर काही वर्षांनी मी आईला विमानाने दिल्लीला भावाकडे नेलं. तिला खिडकीशी बसवलं. तिने कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. कोपरा गोल होता. मग तिच्या हाताला ती पांढरी झडप लागली. तिने ती खाली ओढली, वर केली, पुन्हा खाली ओढली. लोक बघायला लागले म्हणून मी तिचा हात धरला, तर तिने तो झिडकारला.

"कडेला भोक नाही, काही नाही, आतल्या आत सरकते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "त्यांना एकदा विमानात बसवलं असतंस, तर माझी खिडकी पुरी झाली असती गं."