डोळ्यावरचा हात

त्याचं नाव मी विचारलंच नाही. गांधीबागेतल्या बंदुकीच्या दुकानात तो मिलिटरीतून निघालेली जुनी रायफल परत करायला आला होता. गाल भाजलेला. दुकानदाराने रिकाम्या रायफलीचा खटका ओढला, तरी याचा हात चटकन डोळ्यावर गेला.

“मिलिटरीचा माल आहे भाऊ, काही होत नाही.”

“गोळी पुढं जाते, पन आग मांगं येते. तुमीच एक झाडून दाखवा. गाल लावून.”

दुकानदाराने चहा मागवला.

त्याच मालातली रायफल माझ्या भावाने रानडुकरांसाठी घेतली होती. मी तिच्यासाठी तेल न्यायला आलो होतो. तिथूनच भिवापूरला त्याला फोन लावला.

“मंग बोलू गा,” भाऊ कुजबुजला, “डुक्कर समोरच येऊन राहिलं.”

फोन कटला. माझा हात डोळ्यावर गेला होता.